गाठोडं थोपटू नका

पुस्तकं मिटा आता. लाईट काही लवकर येत नाही. अंधारात वाचून डोळे गेले, तर डॉक्टर व्हायच्या आधी डॉक्टर शोधायची पाळी येईल. या, जवळ बसा. एक सांगतो. ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसावर गुदरलेली आहे.

ताहेरभाई. बाप जिल्दसाज, आजा जिल्दसाज. पुस्तकं शिवण्यात त्यांची हयात गेली. मी ज्या ग्रंथालयात नोकरीला होतो, तिथं मोठ्या लोकांचे खाजगी कागद यायचे. कुणी प्राध्यापक, कुणी सरकारातला साहेब. माणूस गेला की घरचे म्हणायचे, घेऊन जा बाबा एकदाचे. ते आणायचे, साफ करायचे, नंबर टाकून कपाटात लावायचे, हे काम ताहेरभाईचं. त्याचा एक नेम होता. कुठलंही गाठोडं सोडण्याआधी तळहातानं तीनदा थोपटायचं. आत कसर असली, झुरळ असलं, तर बाहेर पडतं. एक किडा आत गेला तर अख्खं कपाट फस्त करतो. हाताला इतकी सवय, की घरी उशीसुद्धा थोपटून मगच डोकं टेकायचा. त्याची पोरगी सदफ त्यावरून त्याला लई चिडवायची.

साल दोन हजार बारा. एकोणतीस सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी. त्र्याण्णव साली भूकंपाच्या आदल्या दिवशी हीच तारीख होती आणि हीच तिथी. तुमचा तेव्हा जन्मही नव्हता, पण लातूरचा माणूस हे विसरत नाही.

बस स्टँडच्या मागच्या गल्लीत किशनरावांचं घर होतं. तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. ते वारले, आणि घर क्लासवाल्यांनी हॉस्टेलसाठी घेतलं. तेव्हा लातुरात जिकडं पाहावं तिकडं हॉस्टेलच उठत होतं. सकाळी पाडायला माणसं येणार होती. म्हणजे कागद रात्रीतच आवरायला हवे होते. ताहेरभाईची काही तक्रार नव्हती. सदफ हदगावला मावशीकडं गेली होती, रात्रीच्या गाडीनं परत येणार होती. इथं काम करत बसायचं, गाडी आली की पोरीला घेऊन घरी जायचं.

साहेबांची बायको साखराबाई मुलाकडं राहायला निघाली होती. निघता निघता तिनं खुर्चीवरच्या एका पांढऱ्या गाठोड्याकडं बोट केलं.

"हे तेवढं सोडू नका, ताहेरभाई. तसंच न्या. आन् थोपटू तर बिलकुल नका."

"काकू, साफ केल्याबिगर मी कपाटात काहीच ठेवत न्हाई."

साखराबाई उंबऱ्यावरच बसली. "साहेब भूकंपात किल्लारीच्या अंगाला होते. जड मातीच्या छताची माळवदं बसलेली. दगड, माती, दुसरं काही न्हाई. तिथं समद्यांनी गप व्हायचं, दगडावर दगड तीनदा वाजवायचा आन् खाली कान लावायचा. खालून वाजलं, की माणूस निघंस्तोवर तिथून उठायचं न्हाई. एका घरात खालून वाजलं. अंधार पडला, पाऊस आला. साहेबाला दुसरीकडून बोलावणं आलं. आलोच, म्हणले आन् गेले…"

"मग?"

"मग काय. सकाळी जाऊन वाजवलं. खालून काही न्हाई." तिनं पदर तोंडाला लावला. "त्या घरातले कागद हायती हे. मागायला कुणीच आलं न्हाई. साहेब रोज रात्री त्यावर हात ठेवून बसायचे. वाजवायचे न्हाईत. नुसते बसायचे."

ताहेरभाईला वाईट वाटलं. म्हातारीला धीर देऊन त्यानं गाडीत बसवलं आणि कामाला लागला.

मध्यरात्रीपर्यंत विसर्जनाचे ढोल चालू होते. मग तेही थांबले. ताहेरभाईनं एकेक गाठोडं थोपटलं, सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं, चिठ्ठी लावली. शेवटी खोलीत फक्त ते पांढरं गाठोडं राहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"अब्बा, गाडी आत्ता कुठं अहमदपुरातून निघाली." तुम्हाला मराठीतच सांगतो, ते घरात दखनी बोलायचे. "मिरवणुकीत अडकली होती. तुम्ही जेवलात का?"

जेवलो, म्हणत त्यानं खोटंच सांगितलं. खिचडीचा डबा तसाच पडला होता. बोलता बोलता दुसरा हात आपसूक पुढं गेला. हाताची सवय. पांढऱ्या गाठोड्यावर तीन थापा पडल्या.

फोन ठेवला. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते.

खोलीत काही हललं नाही. गाठोड्यातून किडा पडला नाही. चिमूटभर पांढरी माती पडली.

मग…

तीन थापा. आतून.

उंदीर असेल, असं तो मोठ्यानं म्हणाला. माणूस एकटा असला की असं मोठ्यानं बोलतो. त्यानं गाठ सोडली. शाळेचा दाखला. लग्नाची पत्रिका. चिखलात वाळलेलं रेशन कार्ड. बाकी काही नाही. उंदीर नाही, भोक नाही. त्यानं कागद होते तसे ठेवले, गाठ मारली, हात मागं घेतला.

आता आवाज गाठोड्यातून नव्हता.

फरशीखालून होता.

ठक… ठक… ठक.

मग शांत. ऐकतंय कुणीतरी, अशी शांतता. ताहेरभाई भिंतीला टेकून बसला. बोटं मांडीखाली दाबून धरली. पुन्हा तसंच. पुन्हा शांत. म्हातारीचे शब्द त्याच्या कानात होते. उठायचं न्हाई. त्यानं ठरवलं, आपण बसून राहायचं. सकाळपर्यंत. साहेब बसायचे तसं. भ्याला तर तो लई होता, पण दयाही येत होती.

पहाटे चारच्या जरा आधी फोन वाजला.

"अब्बा, उतरले. स्टँडवर कुणीच नाही. रिक्षा नाही. दोघं माणसं उगाच घिरट्या घालून राहिलेत. लवकर या."

ताहेरभाई उठला.

खालचा आवाज वाढला. एका जागी नव्हता आता. खोलीभर. पायाखाली. दारापर्यंत त्याच्या मागोमाग.

"पोरगी एकटी हाय," तो फरशीकडं बघून म्हणाला. हात जोडले. "आलोच."

तोंडातून शब्द गेला, आणि आवाज थांबला.

सगळा.

बाप होता तो. दुसरं काय करणार? कुलूप न लावताच धावला. सदफ खांबाला पाठ लावून, बॅग छातीशी धरून उभी होती. तिला स्कूटरवर बसवलं, घरी आणलं. बाजेवर तिला झोपवलं आणि आपण बाहेर ओसरीत पडला. डोळ्याला डोळा नाही. कान जमिनीकडं. काहीच नाही. पान हललं नाही. फजरची अजान झाली, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

सदफ चहा घेऊन बाहेर आली. तोंडावर झोप, आणि हसत होती.

"झोपू दिलं नाही तुम्ही, अब्बा. इतकं वय झालं, मस्करी सुटत नाही."

"कसली मस्करी?"

"बाजेखालून थोपटत होता की. तुमचंच ते, तीनदा. मला काय कळत नाही?"

ताहेरभाईनं कप खाली ठेवला.

"मग… तू काय केलं?"

"मी पण थोपटलं. तीनदा."

…

बाज म्हणजे लाकडी होती, फळ्यांची. त्यानं ती उभी केली. उशीकडच्या फळीला खालच्या बाजूनं खड्डे पडले होते. मुठीनं वाजवल्यावर बोटांच्या पेरांचे पडावेत तसे. आणि त्या खड्ड्यांत माती भरलेली. पांढरी. माळवदावर टाकतात ती. त्याच्या घरात, अंगणात, गल्लीत सगळी काळी माती.

सदफ पुढं शिकली. नांदेडला डॉक्टर आहे आता. रात्रपाळी असली की दवाखान्यात तिच्या खोलीबाहेर बाकावर एक म्हातारा बसलेला दिसतो. शिपाई हसतात. चाचा, घरी जाऊन झोपा की, म्हणतात. तो जात नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "ईश्वरप्पा, मी वाजवलं आन् उठून आलो. तिनं तर जवाब दिलाय. खालचे बी आता तिला काढल्याबिगर उठायचे न्हाईत. आता मला उठता येत न्हाई."

ती फळी त्यानं घरी ठेवली नाही. किशनरावांच्या कागदांबरोबर ग्रंथालयात आणून दिली. शेवटचा नंबर तिचाच आहे. वर्णनाच्या रकान्यात त्यानं काही लिहिलं नाही, आणि मीही नाही.

नोकरी सुटली तरी वर्षातून एकदा जातो मी. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. कपाट उघडून फळी हलक्या हातानं पुसतो. थोपटत नाही. खड्डे पार स्वच्छ करून, कपाटाला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून घरी येतो.

पुढच्या वर्षी पुसायला जातो, तर फडक्याला पुन्हा पांढरी माती लागते.

ओली.