शेवटची पंधरा मिनिटं

“सांभाळून जी, तिथं पायरी—”

त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी त्या पायरीवरून घसरले होते. पडले नाही, कारण त्यानं माझा कोपर धरला. वही मात्र उडून टॉकीजच्या दारात पडली.

आत सिनेमा चालूच होता. नायिकेच्या रडण्याचा आवाज दारापर्यंत येत होता. माझ्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

“शेवट पाहून जा ना,” वही झटकून देत तो म्हणाला. “पंधरा मिनिटंच राहिले.”

“सव्वापाचची बस आहे. सानगडीची.”

“अन् ती गेली तर?”

“तर बाबा पुढच्या शुक्रवारी येऊ देणार नाही!”

आणि मी पळाले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, त्याचे आभार मानायचे राहिले. आणि आभार मानणं हे तर माझं कामच होतं!

सांगते. मी रक्षा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, सकाळी गावात अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते, आणि शुक्रवारी दुपारी भंडाऱ्याला येऊन नवा सिनेमा पाहते. मग मोबाइलवरच्या माझ्या ‘सानगडीहून सिनेमा’ या पानावर मत लिहिते. मत म्हणजे नोंदच. पाणबुडीच्या सिनेमात चारशे मीटर खोलीवर काच फुटते आणि आत बादलीभरच पाणी येतं, म्हणून दोन गुण कापले. भुताच्या सिनेमात भुताच्या सावल्या दोन, म्हणजे चंद्र दोन. एक गुण कापला. प्रेमाच्या सिनेमात पाऊस फक्त त्या दोघांवर, मागचा रस्ता कोरडा.

पण प्रत्येक नोंदीखाली एक ओळ ठरलेली: आभार. पाणबुडीखाली मी लिहिलं, ‘शेजारच्या आजींनी घाबरून माझा हात धरला, त्यांचे आभार.’ पावसाखाली लिहिलं, ‘नायिकेनं भिजलेला चष्मा ओढणीनं पुसला आणि तो अजूनच धुरकट झाला. हे ज्याला सुचलं त्याचे आभार.’

आणि सगळ्यात खाली: ‘शेवट सांगणार नाही.’ वाचकांना हा माझा सभ्यपणा वाटायचा. खरी गोष्ट अशी, की शेवट मला माहीतच नसायचा.

पुढच्या शुक्रवारी तो दारातच उभा होता.

“मागच्या सिनेमाचा शेवट सांगू?”

“कोणी मागितला?”

“वाचकानं. वहीवर नाव पाहिलं त्या दिवशी. तुमचं पान वाचतो मी. पाणी किती आलं, सावली कुठं पडली, सगळं लिहिता. शेवटाबद्दल एक शब्द नाही.”

“ते... वाचकांच्या सोयीसाठी.”

“वाचकांच्या, का एस.टी.च्या?”

माझे कान गरम झाले. इतक्या महिन्यांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“कोणाले सांगून तर नाही राहिले ना?” मी हळूच विचारलं.

“कायले सांगू जी? पण माझं एक मत छापा. त्या कोळ्याच्या सिनेमात नायक जाळं उलटं फेकते. तसं फेकलं तर मासोळी सोडा, शेवाळही हाती लागत नाही.”

त्याचं नाव लिलाधर. शहापूरजवळच्या गावचा. घरी तलावातल्या मासोळीचा धंदा. सकाळी वडिलांबरोबर जाळं टाकायचा आणि दुपारी टॉकीजमध्ये सिनेमा चालवायचा. आता रीळ नसतं, सगळं संगणकावर असतं. पण सिनेमा कधी सुरू करायचा, मध्यंतर कधी संपवायचं, हे त्याच्याच हातात.

मी त्याचं मत ‘एका जाणकाराचं म्हणणं’ म्हणून छापलं. आणि दर शुक्रवारी, सिनेमा सुरू व्हायच्या आधी, तो मला मागच्या सिनेमाचा शेवट सांगू लागला. हातवारे करत. त्याच्या बोटांवर जाळ्याच्या दोरीचे वळ होते, ते मला दिसत राहायचे... शेवट थोडा निसटायचा.

“दोघांच्याही घरचे मानले?” एकदा मी विचारलं. “इतक्या सहज? हा खरा शेवट आहे?”

“माझ्या शेवटात मानतेत,” तो म्हणाला, आणि पटकन वर निघून गेला.

आता माझी चूक सांगते.

मी मध्यंतरही मोजायची. आधी सोळा मिनिटं असायचं. मग तेरा. मग नऊ. मग सहा! सहा मिनिटांत बायकांची रांग अर्धीसुद्धा पुढे सरकत नाही. मी रागानं लिहिलं: ‘टॉकीजवाल्यांना प्रेक्षकांची पर्वा नाही. आकडे सोबत जोडले आहेत.’ माझी आजवर सर्वांत जास्त वाचली गेलेली नोंद तीच.

पुढच्या शुक्रवारी दारात कोणी नव्हतं. मध्यंतर वीस मिनिटांचं झालं. मी समोसा घ्यायला गेले, तर कँटीनच्या उषाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“त्या आकडेवाल्या बाई तुम्हीच ना?”

“हो... काहून?”

“काहून म्हणते! बापा, तो पोरगा तुमच्यासाठीच मध्यंतर कापून राहिला होता. माझे समोसे पडून राहत. मी भांडली, तर म्हणे, ‘उषामावशी, पाचच मिनिटं उरले आता, एवढं झालं का तिला शेवट दिसन.’ मालकानं त्याले मशीनवरून काढलं. सायकल स्टँडवर बसवलं आहे. महिनाअखेरी घरीच पाठवणार म्हणतेत.”

समोसा हातातच राहिला.

“बाकीच्या दिवशी मध्यंतर किती असते?” मी विचारलं.

“सोळा. नेहमीचं.”

विद्यार्थ्यांना मी वर्षभर सांगते, एकाच ठिकाणी मोजून निष्कर्ष काढू नका. आणि मी फक्त माझे शुक्रवार मोजले होते.

त्या दिवशी मी मध्यंतरानंतर आत गेलेच नाही. सायकल स्टँडवर गेले. तो मोटारसायकली रांगेत लावत होता.

“मले सांगायचं होतं ना,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. नियमात बसत नाही म्हणून.” तो हसला. “बायकांची रांग माझ्या ध्यानात नाही आली, ते मात्र चुकलंच. तुमचे आकडे बरोबर होते.”

यावर रागवायचं कसं? आणि रडायचं तरी कसं, चष्मा धुरकट होतो.

घरी येऊन मी लिहिलं. ‘एकतीस सिनेमांवर मी मत दिलं. एकाचाही शेवट पाहिलेला नाही. माझी बस सव्वापाचला असते. ज्याच्याविरुद्ध मी आकडे दिले, तो मला शेवट दाखवण्यासाठी धडपडत होता. रांगेचा त्रास खरा, पण बेपर्वाईचा आरोप खोटा. पान बंद करा म्हणालात, तर करते.’ खाली लिहिलं: ‘आभार: ज्यानं मिनिटं गोळा केली त्याचे.’

पुसून टाकावंसं वाटलं. पण पाठवलं.

सकाळी उत्तरं आली होती. पान बंद करा असं चौघांनी लिहिलं होतं. बाकीच्या बहुतेक बायकाच! बपेऱ्याची गुड्डी लिहिते: ‘ताई, माझी बस तर पाचची. मी नायक जिवंत राहते का मरते, हे नेहमी नणंदेले विचारते.’ साकोलीची, पवनीची, लाखांदूरची... आम्ही सगळ्याच दर शुक्रवारी अंधारात वाकून निघून जात होतो, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच.

ती सगळी उत्तरं कागदावर उतरवून मी टॉकीजचे मालक मधुकरराव यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

“म्हणजे पोरी, तू पूर्ण तिकिटात पाऊण सिनेमा पाहत होती?”

“हो काका. एकतीस वेळा.”

“अन् मी त्या पोरावर रागावलो.” त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. “शुक्रवारचा खेळ अर्धा तास आधी लावू. मध्यंतर सोळाच राहीन, सांगून ठेव त्याले. जाय, मशीनवर पाठव.”

तो शुक्रवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. अडीचला सुरू. मध्यंतर सोळा मिनिटं, उषाबाईंचे समोसे संपले. चार वाजून पन्नास मिनिटांनी शेवट. सिनेमा साधाच होता. नायक स्टेशनवर पळत येतो वगैरे. पण पडद्यावर नावं वर सरकू लागली आणि मी उठलेच नाही. इतक्या माणसांनी मिळून केलेलं असतं हे सगळं! दिवे लावणारे, चहा देणारे, छत्री धरणारे... मी शेवटच्या नावापर्यंत बसले.

दिवे लागले. तो दारात होता.

“कसा वाटला शेवट?”

“तुमचे जास्त चांगले असतेत.”

तो जमिनीकडे पाहू लागला. “मग आता... माझं काम संपलं म्हणायचं. तुम्ही स्वतःच पाहणार.”

“लिलाधर.”

“काय जी?”

“एक शेवट राहिला आहे. तो आज मी सांगते.” माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की मोजायचं सुचलंही नाही. “मले तू आवडतोस. शेवटात घरचे मानतेत का, ते माहीत नाही. पण मी अर्ध्यातून उठणार नाही.”

दोरीचे वळ असलेला हात त्यानं पुढे केला, आणि दारातल्या त्या पायरीवरून मला जपून खाली उतरवलं. हात सोडला मात्र नाही.

“बस...” थोड्या वेळानं तो म्हणाला.

“पंधरा मिनिटं आहेत अजून,” मी म्हणाले.