न विटलेली जागा

गाद्यांची मापं घ्यायची, जुन्या कापडाचा एक तुकडा कापून आणायचा आणि चहाला थांबायचं नाही, असं ठरवून कस्तुरी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी लेस्टरजवळच्या ओडबीला गेली. चहाला थांबावं लागलंच. अनुराधामावशींच्या घरून चहाशिवाय सुटलेलं मराठी माणूस अख्ख्या लेस्टरमध्ये नव्हतं.

"पुण्याला जाऊन मराठी शिकून आलीस म्हणे," मावशी म्हणाल्या. "आता माझ्या चुका काढ."

कस्तुरीचा जन्म इथलाच. कापडावरची छपाई शिकायला ती पुण्याला गेली आणि पाच वर्षांनी परतली ती एक वेड घेऊन. जुनी नक्षी कुणीतरी हाताने काढलेली असते; ती पुन्हा छापली नाही तर मरते, असं ती भेटेल त्याला पटवून देई. पन्नास वर्षांपूर्वीच्या कॅरव्हानमधल्या, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरांमधल्या, गाद्यांची कापडं शोधायची आणि हुबेहूब नव्याने छापायची, हे काम तिने हाती घेतलं होतं.

मावशींची कॅरव्हान मागच्या बागेत उभी होती. मावशी हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर, उदयकाका तिथेच भूल देणारे डॉक्टर. मूलबाळ नाही. दर उन्हाळ्यात दोन आठवडे दोघं ही गाडी घेऊन समुद्रावर जात. आता काका केअर होममध्ये होते आणि वर्षभर त्यांनी बायकोला ओळखलं नव्हतं.

"मला नर्स समजतात," मावशी म्हणाल्या. "थँक यू सिस्टर, म्हणतात. एवढंच अधूनमधून विचारतात, कॅरव्हानमध्ये कधी जायचं. एकवीस जूनला त्यांना ऐंशी पूर्ण होतील. त्या दिवशी त्यांना इथे आणून बसवायचंय. सगळं पहिल्यासारखं दिसलं, तर..." त्यांनी कप उचलला आणि न पिताच ठेवला. "एकदा मला नावाने हाक मारावी. बास. मग पुन्हा विसरले तरी चालेल."

कॅरव्हानच्या आत कोंडलेल्या उन्हाचा आणि जुन्या फोमचा वास होता. बसायची जागा मोठ्या खिडकीपाशी. खिडकीला पाठ करून काकांची जागा, मधे टेबल आणि समोर लांब बाक. कापडावर कधीकाळी तपकिरी-नारिंगी मोठाली फुलं असावीत. आता सगळं विटून दुधाळ चहासारखं झालं होतं.

फक्त बाकाच्या एका टोकाला फुलं जशीच्या तशी होती. गडद, ताजी.

कस्तुरी वाकली. पाठीच्या गादीवर गडद भागाला खांदे होते, वर मानेइतका अरुंद पट्टा. खालच्या गादीवर दोन मांड्या. कुणी वर्षानुवर्षं उन्हाकडे तोंड करून बसलं, की त्याच्यामागचं कापड असंच शाबूत राहतं.

"ही तुमची जागा का, मावशी?"

"नाही. मी ह्या टोकाला, सिंकजवळ. तिथे कुणीच बसत नसे. तिथे ऊन जास्तच डोळ्यांवर येतं."

मावशींनी हे फार पटकन सांगितलं. कस्तुरीला ते खटकलं, पण खरा रंग मिळाल्याचा आनंद मोठा होता. तिने त्याच गडद जागेतून तुकडा कापला.

घरी आल्यावर मात्र तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. गाडी वर्षातून दोन आठवडे बाहेर. उरलेले पन्नास आठवडे ती बागेत, दाराला कुलूप, आणि ऊन तर तेव्हाही येणारच. कुणी फक्त सुट्टीत तिथे बसलं असतं, तर बाकीच्या वर्षात ती जागा इतरांसारखीच विटली असती. ती विटली नव्हती. म्हणजे गाडी रिकामी असतानाही तिथे काहीतरी होतं.

तिने फोन केला. "मावशी, त्या जागेवर काही सामान ठेवायचात का? रजया वगैरे?"

"काही नाही गं. महिन्यातून एकदा मीच झाडते. रिकामी असते."

मावशी खोटं बोलतायत, असं कस्तुरीने मनाशी ठरवून टाकलं. का, ते तिला कळेना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्या खोळी चढल्या. फुलं अशी उजळली की मावशी दारातच थबकल्या. कस्तुरीने बाकाच्या पाठीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या लोकरीची एक पट्टी टाचून ठेवली. ही लोकर उन्हाने इतर कशाहीआधी विटते. तिच्यावरून नवं कापड किती टिकेल, याचा छपाईवाल्यांना अंदाज येतो.

"किल्ली तूच ने," मावशी म्हणाल्या. "एकुलती एक आहे. माझ्याकडे राहिली तर रोज जाऊन बसेन नि चुरगाळून ठेवेन."

पुढचे दोन आठवडे कधी नव्हे ते रोज लख्ख ऊन पडलं. एकवीस तारखेला सकाळी कस्तुरीने कुलूप काढलं. टेबलावर फुलदाणी ठेवली आणि पट्टी काढायला वळली. पट्टी पांढुरकी पडली होती. त्या टोकाला मात्र, माणसाच्या खांद्यांइतक्या रुंदीत, ती गर्द निळी होती.

तिने तिथे हाताचा तळवा टेकवला. बाकी बाक उन्हाने तापला होता. ती जागा गार होती.

मागे मावशी उभ्या होत्या. त्यांनी पट्टी पाहिली, पण विचारलं काहीच नाही.

"तुम्हाला माहीत होतं," कस्तुरी हळूच म्हणाली.

"गाडी घेतल्यावर तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा दिसलं." मावशींचा आवाजही खाली आला. "मला वाटलं, ह्यांचं कुणीतरी आहे. मी ड्यूटीवर असताना इथे येऊन बसतं. चाळीस वर्षं संशय घेतला गं. विचारलं कधीच नाही. विचारलं आणि हो म्हणाले, तर? म्हणून तर कापड बदलायचं होतं. म्हटलं, ती जागा एकदाची जाऊ दे."

कस्तुरीने पट्टीच्या टाचण्या काढायला घेतल्या. रंग तिने त्याच जागेतून उचलला होता.

अकरा वाजता केअर होमची गाडी आली. काका उंच, पण आता डावा खांदा खाली झुकलेला. मावशींनी हात धरून त्यांना पायरी चढवली. "थँक यू, सिस्टर," ते म्हणाले. खिडकीला पाठ करून आपल्या जागी बसले आणि फुलांवरून नजर फिरवू लागले. बराच वेळ. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं, तेही थांबलं.

मग त्यांनी मान वर केली.

"अनू," ते म्हणाले.

मावशींनी ओठ घट्ट दाबून धरले.

"अनू, उभी का तू? बस ना." ते हसले, आणि समोरच्या बाकाकडे बघून जरा संकोचाने म्हणाले, "तिला सांग की थोडं सरकायला."

"कुणाला?"

"हिला."

बाकावर ऊन पडलं होतं. दुसरं काही नव्हतं.

"कोण आहे ती?" मावशींनी विचारलं. चाळीस वर्षांनी विचारलं.

काका गोंधळले. "मला काय माहीत? तुझीच मैत्रीण ना? तू आणलीस म्हणून मी कधी... विचारलं नाही."

ऑगस्टमध्ये काका गेले. सप्टेंबर संपताना मावशींचा फोन आला. "कापड विटलं गं. येऊन बघतेस?"

मावशी कॅरव्हानमध्ये सिंकजवळच्या आपल्या जागी बसल्या होत्या. एका उन्हाळ्यात फुलं निम्मी उडाली होती. एवढ्यात उडायला नको होती. त्या टोकाला गडद जागा होती आणि आता ती रुंद होती. खांद्यांच्या दोन जोड्या. दुसरीतला डावा खांदा खाली झुकलेला.

"ते दिसलं मला," मावशी शांतपणे म्हणाल्या. "त्यासाठी नाही बोलावलं. दोघं आहेत, असू देत. मी म्हटलं, आपणही इथे बसावं. ते गेल्यापासून रोज येते. दहाला येते, ऊन कलेपर्यंत बसते. डोळ्यांवर येतं, तरी बसते."

"मग?"

"मग हे बघ."

त्या उठल्या. कस्तुरीने बघितलं. मावशींच्या पाठीमागचं, मांडीखालचं कापड इतर कापडासारखंच विटलेलं होतं. सरसकट, एकसारखं, जणू तिथे कुणी बसलंच नव्हतं.

"तुमच्या धंद्यात याला काय म्हणतात गं?" मावशींनी विचारलं.

कस्तुरीची नजर खाली गेली. खिडकीतून आलेलं ऊन मावशी उभ्या होत्या तिथून पुढे, थेट बाकापर्यंत, मधे कुठेही न अडता पोचलं होतं.