दुसरी सही

मानायचं तर माना, नाही तर सोडून द्या. पण माझी आत्या खोटं बोलत नाही, आणि हे तिच्याच बाबतीत घडलंय. बुधवारी. भर दुपारी दोन वाजता.

आत्या नर्स. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात तिने एकोणीस वर्षं काढली. तिथे एक नवी नर्स आली. इतकी गोडबोली, की सगळे तिला साखरच म्हणायचे. पेशंटचे नातेवाईक तिच्यासाठी फुलं आणायचे. आत्याला एकोणीस वर्षांत कुणी पाकळी दिली नव्हती.

"नव्याचे नऊ दिवस!" आत्या म्हणायची. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

तिथे दर बुधवारी अंघोळीनंतर एक कागद भरायचा असे. त्यावर माणसाची आकृती छापलेली. अंगावर वळ, जखम काही दिसलं, की तिथे खूण करायची. दोघींनी बघायचं, दोघींनी सही करायची.

सहा नंबरच्या आजींची वाचा गेली होती. त्यांना अंघोळ साखर घालायची आणि कागद कोरा आणायची.

"सगळ्यांची लाडकी ना तू? मग तूच बघ," म्हणत आत्या न बघताच दुसरी सही ठोकायची. नुसता जळफळाट, दुसरं काय!

एका बुधवारी चादर बदलताना आजींची बाही वर सरकली...

दंडावर चार बोटं. निळी.

तेवढ्यात साखर आत आली, तसं आजींनी अंग चोरलं.

आत्याला त्याच क्षणी कळलं. पण बोलली असती तर सगळे म्हणाले असते, जळते मेली! आणि त्या कोऱ्या कागदांवर सही तिचीही होती.

"उद्या बघू," तिने ठरवलं.

सकाळी पलंग रिकामा होता. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले.

पुढचा बुधवार. दोन वाजले. न्हाणीघरात कुणीच नव्हतं...

तरी पाण्याचा आवाज येत होता.

आत्या आत गेली. नळ बंद. फरशी कोरडी.

बाहेर येऊन तिने नवा कागद काढला. आकृतीच्या दंडावर चार खुणा होत्या.

तिने तो फाडला. दुसरा काढला...

त्यावरही चार. खाली पहिल्या सहीची जागा रिकामी. दुसरी सही मात्र झालेली होती. आत्याची.

"ताई, सहाला नव्या आजी आल्यात," साखर दारात हसत उभी. "पलंगावरच अंघोळ घातली. सही करता ना?"

आत्या तडक मेट्रनकडे गेली. सगळं सांगितलं, स्वतःच्या सह्यांसकट.

"तुमचं तिच्याशी पटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे," मेट्रन म्हणाल्या.

"हो, जळते मी तिच्यावर. पण तुम्ही नव्या आजींची बाही वर करून बघा."

मेट्रननी बघितलं. तिथेही चार बोटं उठलेली होती.

साखरला काढलं. आत्यालाही.

परवा बसस्टॉपवर साखर भेटली. बिनबाह्यांचा ड्रेस. दंड अगदी नितळ.

"किती थकलात ताई! झोप लागत नाही का?"

आत्याने बाही खाली ओढली. दर बुधवारी, दोन वाजता, तिच्या दंडावर चार बोटं उठतात. मी स्वतः पाहिलीयत.

"वळ उठवले तिनं. मी नुसती सही केली," आत्या म्हणते. "मग आजी तिला का धरत नाहीत गं?"

उद्या बुधवार आहे.