रिकाम्या सीटचा पट्टा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर वाचून सोडून द्या. पण यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

त्सिआला माझी मावसबहीण. नुगझार तिचा नवरा. तेलावीजवळच्या गावात आमची घरं शेजारीशेजारी, मध्ये फक्त द्राक्षाचा मांडव. जे घडलं ते गेल्याच आठवड्यात, नोव्हेंबरातल्या संत गिओर्गीच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, गोंबोरीच्या घाटात.

सुरुवात मात्र आधीच झाली होती. भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर.

त्सिआलाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा राजधानीला, तिबिलिसीला जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं, नाहीतर खेळ खल्लास. जायचं कसं, तर मिनीबसने, घाटातून. वळणावळणाला उलटी. एके दिवशी ती घरी आली ती थेट पलंगावर पडली आणि नवऱ्याला म्हणाली, "नुगझार, मला नाही जमत आता. मरू दे मला घरीच, निवांत."

नुगझारचा सगळा जीव तिच्यात. एकुलता मुलगा पोलंडला कामाला, घरात ही दोघंच. त्याने ठरवलं, गाडी घ्यायची.

आमच्याकडे गाडी म्हटलं की रुस्तावीचा बाजार. अमेरिकेत ठोकलेल्या, उलटलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या. तिकडचे विमावाले कागदावर 'भंगार' म्हणून शिक्का मारतात, मग त्या लिलावात विकल्या जाऊन बोटीने इकडे येतात. इथे ठोकून-ठाकून, रंगवून चकाचक होतात. गावातल्या निम्म्या गाड्या अशाच आहेत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आणि त्याच बाजारात गोचाचं गॅरेज. गोचा म्हणजे नुगझारच्या मुलाचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला त्यानेच हातात धरलं होतं. आमच्यात हे नातं सख्ख्या भावाच्या वर.

त्याने एक पांढरी गाडी दाखवली. मग जरा चाचरत विचारलं, "लिलावाच्या वेळचे फोटो बघायचेत का तुला? आहेत फोनमध्ये."

"वेडा आहेस का? तुझ्याकडे फोटो मागू? लाज वाटेल मला."

गोचाने फोन खिशात घातला. "मागून थोडी घासली होती. बस, तेवढंच."

एवढंच करायचं होतं हो नुगझारने. हात पुढे करून फोन घ्यायचा होता. पण नाही. आमच्या पुरुषांची ही इभ्रत!

गाडी आली. नवी गाडी आली की आमच्याकडे ती 'ओली' करतात, म्हणजे वाइन काढून जेवण घालतात. अंगणात गाडी, मांडवाखाली टेबल. गोचा होता, मी होते, आणि शेजारचे वानोकाका. टेबलावर सगळ्यांच्या वतीने बोलायचा मान नेहमी वानोकाकांचा. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पेला हातात आला की थांबत नाही.

देवाच्या नावाने पेला झाला, घराच्या नावाने झाला. मग ते गेलेल्यांच्या नावाने उठले. पावाच्या तुकड्यावर वाइनचे थेंब सोडले. आणि गाडीकडे बघून म्हणाले, "ही लांबून आलीय. हिच्यात जर कुणी गेलं असेल, ओळखीचं ना पाळखीचं, तर त्यालाही सांगतो... ये बाबा. आमच्याकडे ये. आमच्यात बस. तू आमचा पाहुणा."

सगळ्यांनी पेले तोंडाला लावले.

गोचाने लावला नाही. त्याने तो तसाच खाली ठेवला. चेहरा पांढराफटक.

आणि अंगणातून...

टिंग. टिंग. टिंग.

पट्टा लावला नाही की गाडी वाजते ना, तो आवाज. गाडी बंद होती. आत कुणी नव्हतं. किल्ली नुगझारच्या खिशात.

"वायरिंग!" गोचा घाईने म्हणाला. "सेन्सर बिघडलाय. बघतो मी."

सोमवारी नुगझार त्सिआलाला घेऊन निघाला. मागे बसली तर तिला हमखास मळमळणार, म्हणून ती पुढे, त्याच्या शेजारी. पट्टा लावला.

टिंग. टिंग.

"अगं, नीट लाव."

"लावलाय! हे बघ ना."

लावलेलाच होता. तरी गाडी वाजतच राहिली. जणू त्या सीटवर आणखी कुणीतरी होतं, आणि त्याने पट्टा लावला नव्हता.

गोचाने सीटखालची वायर कापली. माझ्यासमोर कापली, तुकडा हातात दिला. नुगझारने किल्ली फिरवली.

टिंग.

गोचाने पाने गोळा केले आणि निघून गेला. चहालाही थांबला नाही.

तुम्ही म्हणाल, मग विकून टाकायची ना गाडी! बोलायला काय जातं? परवा परत मशीन होतं. त्यानंतर दोन दिवसांनी परत. गाडी विकली तर बायको मिनीबसमध्ये बसणार नव्हती, आणि मशीन चुकलं तर मरणार होती. नुगझार त्या आवाजासकट गाडी चालवत राहिला.

मग एक चांगली गोष्ट घडली. निदान आम्हाला ती चांगली वाटली.

त्सिआलाच्या उलट्या थांबल्या. घाटात ती झोपायला लागली. गालांवर रंग आला.

"सीट मस्त आहे गं," ती मला म्हणाली. "आधी गार लागते. मग... कुणाच्या तरी छातीला टेकून बसल्यासारखं वाटतं. लहानपणी आजोबा मांडीवर घ्यायचे ना, तसं."

मी हातातली बशी खाली ठेवली.

नुगझारलाही ते दिसत होतं. ती त्याच्याशी कमी बोलायची. डोळे मिटून पुटपुटायची. मध्येच हसायची. एकदा त्याने विचारलं, "कुणाशी बोलतेस?" तर म्हणाली, "तू रस्त्याकडे बघ."

तो रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसला. एवढा दांडगा माणूस, पण डोळ्यांत पाणी. "मी तिला वाचवायला गाडी आणली. आणि शेजारी बसून तीच माझ्या हातातून चाललीय. मला भीती वाटते गं. रोज वाटते."



मग ती संध्याकाळ आली.

तिबिलिसीहून परतताना घाटात धुकं उतरलं. दोन हातांपलीकडचं दिसेना. नुगझार हळूहळू चालवत होता. शेजारी त्सिआला गाढ झोपलेली. आणि नेहमीप्रमाणे टिंग, टिंग. त्याच्या कानाला आता त्याची सवय झाली होती.

एका वळणाच्या आधी...

खट्.

पट्टा अडकवल्याचा आवाज.

आणि टिंग टिंग थांबलं.

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. गाडीत अशी शांतता पसरली, की नुगझारला स्वतःचा श्वास ऐकू आला. त्याने वळून सीटकडे पाहिलं. त्सिआलाचा पट्टा होता तसाच होता.

त्याने पुन्हा समोर पाहिलं, तेव्हा धुक्यात गाय उभी होती.

त्याने स्टिअरिंग फिरवलं. गाडी उजवीकडून, त्सिआलाच्या बाजूने, कड्यावर आदळली. त्याच्यासमोरची हवेची पिशवी धाडकन फुगली. त्सिआलाच्या समोर काहीच फुगलं नाही. डॅशबोर्डचं झाकण उडालं आणि आतून चिंध्या बाहेर पडल्या. तेलकट, जुन्या चिंध्या. कोंबून भरलेल्या.

तिच्या बाजूचं दार पार आत आलं होतं. नुगझारने हंबरडा फोडला.

"ओरडू नकोस," त्सिआला म्हणाली. "मी आहे."

खरचटलंही नव्हतं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. मी शेजारीच उभी होते. छातीवर तिरका काळानिळा पट्टा उमटला होता, तो गाडीच्या पट्ट्याचा. त्याखाली, पोटाभोवती, आणखी एक वळ होता. आडवा. रुंद.

डॉक्टरीणबाईंनी नुगझारकडे पाहिलं. "तुम्ही धरलं होतं का यांना?"

"माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."

बाईंनी पुन्हा पाहिलं. तो वळ पाठीकडून पुढे आला होता. आणि जिथे संपत होता तिथे... चार बोटं.

मांडीवरच्या लेकराला घट्ट धरतात ना, तशी.

त्या रात्री गोचा इस्पितळात आला. नुगझारने त्याची कॉलर धरली. "चिंध्या भरल्यास? माझ्या बायकोच्या तोंडासमोर? तुझा हात कसा धजावला?"

गोचा रडायलाच लागला. "पिशवी महाग होती... पिशवी नाही हे सांगणारा दिवा पेटू नये म्हणून तार जोडली. सगळेच करतात रे."

"आणि मागून घासली होती, होय?"

गोचाने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, "ती सीट मी धुतली. चार बादल्या पाणी लागलं. कव्हर बदललं. कोण होतं ते मला माहीत नाही. देवाशपथ, माहीत नाही."

गाडीचा चेंदामेंदा झालेला सांगाडा त्याने उचलून नेला आणि कुणाला तरी विकला. आम्हाला वाटलं, सुटलो.

कसलं सुटलो! खरा घोळ पुढेच होता.

त्सिआला दुसऱ्या गाडीत बसेना. गोचा स्वतःची घेऊन आला, तर ती दारातूनच परत फिरली. भाड्याची गाडी आणली, तर पुढच्या सीटवर बसली, मागे टेकली आणि किंचाळत बाहेर आली. "इथे कुणीच नाही! मला धरणार कोण?" दोन वेळा मशीन चुकलं. पाय सुजले. चेहरा पिवळा पडला. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा चुकवलंत तर आमच्याकडे आणूच नका.

वानोकाका काठी टेकत आले. त्यांना सगळं सांगितलं. ते आधी माझ्यावरच उखडले, मग नुगझारवर. "पाहुणा मी बोलावला होता, घर तुझं होतं. त्याने तुझी बायको वाचवली आणि तू त्याला भंगारात घातलास? कुणी शिकवलं तुला असं वागायला?"

शनिवारी नुगझार रुस्तावीला गेला. सांगाडा ज्याने घेतला त्याने तो पुढे विकला होता, आणि पुढच्याचा काही पत्ता नव्हता. मग हा माणूस काय करत सुटला माहितीये? ती सीट काढून कुणी दुसऱ्या गाडीत बसवली असेल या आशेने गाड्यांच्या ओळींतून फिरायचा, गिऱ्हाईक असल्यासारखा. स्टिअरिंगला बसायचा, किल्ली फिरवायचा आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत थांबायचा. बहुतेक गाड्या गप्प असायच्या.

बहुतेक.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "चार सापडल्या," म्हणाला. "एक काळी जीप. एक लाल, दोन दारांची. एक टॅक्सी असावी पूर्वीची. आणि एक राखाडी. सीट रिकामी, आणि वाजतेय. त्यातल्या दोन गाड्या गिऱ्हाइकं बघत होती, पोराबाळांना घेऊन."

"आणि आपली?"

"आपली नव्हती."

तरीही काल त्याने ती राखाडी गाडी घरी आणली. पैसे गोचाने दिले.

आज सकाळी त्सिआलाला आम्ही दोघांनी धरून बाहेर आणलं. ती पुढच्या सीटवर बसली. मागे टेकली. डोळे मिटले. मी देवाचं नाव घेत होते.

तिने डोळे उघडले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

"हा तो नाही," ती म्हणाली. "हे दुसरंच कुणीतरी आहे."

"उतर!" मी म्हटलं. "उतर खाली, त्सिआला!"

"आणि मशीन?"

तिने पट्टा लावून घेतला. नुगझारने गाडी काढली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मला ऐकू येत होतं. टिंग. टिंग. टिंग.

ते दुपारीच परत यायला हवे होते. आता अंधार पडलाय आणि नुगझारचा फोन लागत नाहीये. घाटात रेंज नसते, मला माहीत आहे. वानोकाका माझ्या ओट्यावर येऊन बसलेत, आणि मी पुन्हा पुन्हा फोन लावतेय.