धोंडाआजीचं रेकॉर्डिंग

"बायकांच्या ऑपरेशनच्या गोष्टी आहेत. रेकॉर्डिंगला पुरुष नेऊ नकोस," आमचा आठवणी जमवायचा प्रकल्प चालवणाऱ्या नांदेडच्या मॅडम म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. रेकॉर्डिंगचं मशीन चालवणारा दुसरा होताच कोण?

मुरुडच्या स्टँडवर तो उभा होता... खांद्यावर बॅग, हातात दोन चहा.

"तुम्ही मंजुश्री? मग हा तुमचा. नसाल तर दोन्ही माझेच."

तो लातूरचा मल्लिनाथ.

शिरूर अनंतपाळला धोंडाआजीच्या ओसरीवर, न सांगताच तो आमच्याकडं पाठ करून बसला. कानाला हेडफोन. आजी शेंगा फोडत बोलत गेली. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. चार लेकरं झालेली, अंगात रक्त नाही.

"लेकरं बंद करायच्या ऑपरेशनला कागदावर नवऱ्याचा अंगठा लागायचा. त्यो कुठला देतोय? मग भावालाच नवरा म्हणून उभा केला."

संध्याकाळी आजीचा फोन आला. "पोरी, ते अंगठ्याचं गावाला कळंल. भाऊ हाय अजून. ह्या वयात त्याला तोंड लपवाया लावू नको."

आणि फाइल तर दुपारीच नांदेडला जायची होती. मी मल्लिनाथला फोन लावला.

"पाठवली?"

"न्हाई."

"...का?"

"आजीनं कुठं ऐकलीय अजून? जिचा आवाज, तिनं आधी ऐकायचा."

मी लगेच आजीला फोन करून सांगितलं, उद्या येतो, आधी तुम्हीच ऐका.

दुसऱ्या दिवशी आजीनं पदरावरून हेडफोन घातला. स्वतःलाच ऐकत राहिली. मग हसली.

"ही बया लई धीट हाय की... ऱ्हाऊ द्या. माझं नाव बदला, अन् भावाला भाऊ म्हणू नका. 'एक भला माणूस' म्हणा." म्हणून इथंही तिचं नाव-गाव मी बदललंय.

मग आजी मल्लिनाथच्या पाठीकडं बघून म्हणाली, "आन् तू आता तोंड कर इकडं. पोरगी कवाची बघून राहिली."

तो वळला. कान लाल.

"खरंच बघून राहिलात?"

"...हो."

"थांबा, मशीन चालू करतो. परत म्हणा."

मी परत म्हणाले.

आता आमची लेक सात महिन्यांची आहे. ती झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून मी वीसदा तिच्या नाकाशी बोट धरते. परवा सासूबाईंनी विचारलं, "दुसऱ्याचं कधी?" मल्लिनाथ पोळी मोडत म्हणाला, "मला काय विचारता, आई? ते तिनं ठरवायचं." घास गोड लागला.

तुमच्या शेजारी नुकती बाळंत झालेली कुणी असेल, तर आज एक चक्कर मारा. बाळ नंतर बघा. आधी तिला विचारा, जेवलीस का, झोपलीस का... आणि ती बोलेपर्यंत थांबा.