जिन्याचे दोन खटके

अंगुरीनं जिन्याखालचा पितळी खटका दाबला, दिवा लागला, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवताच विझला.

झालं, ती पुटपुटली. वाशीमच्या या घरात वीज येऊन महिनाही झाला नव्हता. शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या इंजिनाला डायनामो जोडून सासऱ्यांनी दिवे घेतले होते, आणि ज्याला त्याला बटणांशी खेळ सुचत होता. जिन्याच्या दिव्याला तर दोन खटके, एक खाली, एक वर. मध्ये दोन तारा. दोन्ही खटक्यांच्या जिभा एकाच तारेवर टेकल्या की दिवा लागायचा. एकीनं तार बदलली की विझायचा. नागपूरला कॉलेजात सायन्स शिकलेल्या अंगुरीला हे समजवायची गरज नव्हती. तरी नवऱ्यानं समजावलंच होतं, दोनदा.

म्हणजे वर कुणीतरी खटका फिरवला. वर बाळाला सांभाळणारी गोजराबाई होती, तापलेल्या बाळाला मांडीवर घेऊन. इथं स्वयंपाकघरातून आणलेला काढा अंगुरीच्या हातात गार होत होता.

तिनं पुन्हा खटका ओढला. उजेड. दोन पायऱ्या. वरून ‘खट्’. अंधार.

“गोजराबाई, पुरे आता. बाळाला औषध द्यायचंय.”

उत्तर नाही. कसं असणार? दिवेलागणीला पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, हा गोजराबाईचा नेम. त्या हाका माणसाच्याच असतात कशावरून, म्हणे. “अहो, घरात मीच असते ना?” अंगुरी रोज वैतागायची. “तुमीच असान, वहिनी. पन मले काय ठाऊक?”

स्प्रिंग सैल असेल, तिनं स्वतःला बजावलं. पण सैल स्प्रिंग कुणी पाऊल उचलायची वाट पाहत नाही.

“गोजराबाई!”

इंजिनाची धाप भिंतीतून येत होती. ओल्या सरकीचा कुबट वास जिन्यावरून खाली उतरत होता. वर बाळ एकदा खोकलं, आणि कुणीतरी हलकेच अंगाई गुणगुणू लागलं. गाता येतंय, ओ देता येत नाही. आणि आज चक्क सुरात…

काढा हिंदकळून तिच्या मनगटावर सांडला.

“गोजराबाई… ओ द्या ना…”

ओ आली. मागून, परसाच्या दारातून. गोजराबाई ओले हात लुगड्याला पुसत उभी होती.

“आली वं वहिनी. काहून एवढ्या हाका मारून राह्यल्या? आत्ताच त तुमी वर येऊन लेकरू घेतलं माह्या मांडीवरून… म्हनल्या, जा तुमी, दिवा मी मालवतो.”