पप्पांचा एक आठवडा

“ओ, फुलं तोडू नका! ते झाड माझ्या वडिलांचं आहे.”

सोनचाफ्याची फांदी वाकवून उभा असलेला तो उंच माणूस दचकला. फांदी सुटली आणि पानांवरचं पावसाचं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं.

“सॉरी... पण रिसॉर्टमधलं झाड कंपनीचं असतं.”

“असं कोण म्हणतं?”

“मी. अनुज. कंपनीचा वकील.”

झालं! ज्याच्याशी भांडायला मी बोळिंजहून गासच्या या रिसॉर्टपर्यंत स्कूटी दामटत आले होते, तो हाच. वर हसताना त्याच्या गालाला खळी पडत होती, हा तर निव्वळ अन्याय होता.

आमची भानगड अशी. या रिसॉर्टच्या जागी पूर्वी आमची वाडी होती. केळी, पानवेल, विहीर. काकांच्या हट्टापायी ती विकली आणि आम्ही फ्लॅटमध्ये आलो. पप्पांनी मात्र इथल्याच एका खोलीतला दर वर्षीचा एक आठवडा कायमचा विकत घेतला. लोक सुट्टीला लोणावळ्याला जातात. आत्माराम राऊत आपल्याच वाडीत पाहुणे म्हणून येतात आणि आठवडाभर झाडांना पाणी घालतात. मग कंपनीने विहिरीवर पत्रा ठोकला. पप्पांनी काय करावं? देखभालीची वर्गणी बंद! तत्त्व म्हणून! आम्हाला न सांगता! आता कंपनी त्यांचा आठवडाच जप्त करायला निघाली होती. तो गेला असता, तर पप्पा पार खचले असते.

“त्यासाठी कोर्टात जावं लागेल ना तुम्हाला?” मी विचारलं.

“पूर्वी जावं लागायचं. आता सरकारी नियम बदललाय, असं कंपनी म्हणते. नोटीस पुरते.”

“कधी बदलला?”

“गेल्या आठवड्यात.”

पुढच्या शनिवारी गेले, तर नवीनच नियम. पप्पांनी जातीने हजर राहायला हवं. पप्पा आले आणि नोटिशीचं सोडून वकिलाला चाफ्याचं कलम कसं बांधायचं ते शिकवत बसले. तोही बाह्या सरसावून शिकला! त्याच्या पुढच्या शनिवारी नियम आणखी बदलला.

“हा नियम आहे की रिक्षावाल्याचा मूड?”

“रागावलात की छान दिसता... म्हणजे, हे रेकॉर्डवर नको.”

“रेकॉर्डवरच घ्या. नंतर बदलता यायचं नाही.”

शनिवारी मी कानात झुमके घालायला लागले होते. स्वतःचाच इतका राग आला म्हणून सांगू!

आणि एका शनिवारी त्याची खुर्ची रिकामी. तो चाफ्याखाली उभा होता, खांद्याला बॅग.

“मी शोधून काढलं, रुचिता. असा कायदा अजून आलेलाच नाही. नुसती चर्चा आहे. येणार म्हणून कंपनीने आधीच वापरायला घेतला. आज साहेबांना तोंडावर सांगितलं, हे चालणार नाही. ते म्हणाले, मग तूही चालणार नाहीस.”

“आणि पप्पांचा आठवडा?”

“कंपनीने घाबरून जप्ती मागे घेतली. वर्गणी भरा, आणि विहिरीची तक्रार वेगळी करा. रागाच्या भरात नको.”

मला रडू आवरेना. “नोकरी गेली आणि हसता काय?”

“तुम्ही रडताना पण रागावलेल्याच दिसता.”

पलीकडे माझ्याबरोबर आलेले पप्पा झारी घेऊन झाडांशी बोलत होते. मी फांदीकडे बघत म्हटलं, “खोली चौघांची आहे. आई, पप्पा आणि मी, आम्ही तिघंच असतो. पप्पांना कलमं बांधायला कुणीतरी हवंच असतं...”

“नाही जमणार. सभासदाच्या फक्त कुटुंबाला राहता येतं. हा एकच नियम कधी बदलला नाही.”

माझं डोकंच फिरलं. “मग बसा ना एकदाचे त्या नियमात!”

बोलून गेले आणि कान तापले. मग त्याचा हात फांदीकडे गेला आणि मध्येच थांबला.

“झाड तुमच्या वडिलांचं आहे ना?”

“जा, विचारा त्यांना.”

“फुलासाठी?”

“दोन्हीसाठी!”